खाणीतला धोका कमी झाला, की ठेकेदाराच्या माणसावर ढकलला?

वाघोलीकर: कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर कोल इंडिया या सरकारी कंपनीत सहा लाखांवर कायम कामगार होते. आता सव्वादोन लाखांच्या आसपास उरलेत, आणि 2022-23 मध्ये कोळसा निघाला 70 कोटी टनांवर! मग काम करतं कोण? माती उपसायला, डंपरवर ठेकेदाराची माणसं. डिसेंबर 2016 मध्ये झारखंडच्या राजमहल खाणीत ढिगारा कोसळून 23 जण गेले, ते ठेकेदाराकडचेच. मे 2021 च्या तौक्ते वादळात बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 हा कामगारांच्या राहण्याचा तराफा (बार्ज) बुडाला, त्यावरही ठेकेदाराचीच माणसं गेली. नोकरी कच्ची आणि जीव पहिला त्यांचाच जातो, याची मला चीड येते.

मूळ चंद्रपूरचा, आता हडपसर: चीड समजते, निष्कर्ष पटत नाही. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाळा कोळसा खाणीत पाणी घुसून 375 माणसं जमिनीखाली अडकून मेली. आज नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा खुल्या खाणीतून येतो, डोक्यावर छतच नाही. माणसं कमी झाली ती यंत्रं आली म्हणून, आणि त्यानंच जीव वाचले. शिवाय कायद्यानं ठेकेदाराचा माणूसही खाणकामगारच. त्याचा अपघात कळवावाच लागतो.

वाघोलीकर: अपघात कळवतील. धुळीचं काय? आमच्याकडच्या दगडखाणी आणि खडी क्रशर बघा. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसांचा आजार, त्याची धाप लागते ती कित्येक वर्षांनी. तोवर ठेकेदार बदललेला, हजेरीचा कागद नाही. भरपाईच्या कायद्यात हा आजार आहे, पण काम कुठे केलं हे सिद्ध कसं करायचं?

रिंगरोडवाला: नियम आवळले की छोट्या खाणी बंद, मजूर घरी. रस्त्यांना खडी कुठून आणणार?

वाघोलीकर: छोट्या खाणींना सूट आहेच की: खोली सहा मीटरच्या आत, पन्नासच्या आत माणसं आणि सुरुंग नाही. सुरुंग लावला की सूट संपली, खाणसुरक्षेचा कायदा पूर्ण लागू. मी नवीन काही मागत नाहीये. ड्रिल चालवताना पाणी मारा, क्रशरवर फवारे सुरू ठेवा आणि हजेरीकार्ड मजुराच्या हातात द्या. यानं कुठलीही खाण बंद पडत नाही.

मूळ चंद्रपूरचा, आता हडपसर: हजेरीकार्ड शंभर टक्के मान्य. माझे वडील भूमिगत खाणीत होते, त्यांच्याकडे कागद होते म्हणून निवृत्तीनंतर तपासण्या तरी झाल्या. पण कायम नोकऱ्या परत आणा म्हणाल, तर माझा विरोध राहील. जमिनीखालच्या त्या कामावर पुन्हा माणूस उतरवू नये.