शिकारीचे बूट आपल्या जंगलात चालतील का? (मदत हवी आहे)

सागपान

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. झाडोरा आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या कामासाठी पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या बफरमध्ये (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) वनरक्षकांसोबत पायी फिरावं लागतं. जिप्सीतली सफारी नव्हे, झुडपातून चालणं. व्याघ्रगणनेच्या वेळी तर २ किलोमीटरची ट्रान्सेक्ट लाइन (नोंदींसाठी आखलेली सरळ रेषा) नाकासमोर धरून जायचं असतं. मध्ये नाला आला काय, बोरीची जाळी आली काय, वळायचं नाही.

आत्ताचे ट्रेकिंग शूज जाळीच्या कापडाचे आहेत. दिवाळीनंतर कुसळं सुटली की या जाळीचा काही उपयोग नाही. बी जाळीतून शिरतं, मोज्यात आडवं बसतं आणि पाऊल टाकलं की टोचतं. ओढायला जावं तर शेपूट हातात येतं आणि टोक आतच राहतं. शिवाय उन्हाळ्यात दोन्ही पायांचे सोल पुढून सुटले. मोच्याने सोल्यूशन लावून दिलं, ते पहिल्याच नाल्यात गेलं.

माझा मावसभाऊ मिनेसोटात असतो. त्याचे सासरे नोव्हेंबरात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी घेतलेला एक जोड त्यांना होत नाही म्हणून कोरा पडून आहे, भाऊ येताना आणतो म्हणतोय. ८ इंच उंच, पूर्ण चामड्याचे, वॉटरप्रूफ. खोक्यावर ८०० ग्रॅम लिहिलंय. हे एका बुटाचं वजन का? आणि घोट्याच्या वर चामडं असेल तर घोणसीपासून थोडाफार बचाव होतो का?

नाही जमलं तर इथेच सहा-सात हजारांत काय घ्यावं, तेही सांगा. आणि हो, शिकार १९७२च्या कायद्याने बंद आहे हे मला माहीत आहे. मला फक्त बूट हवेत, धागा तिकडे नेऊ नका. :)

---

बिनघोर

८०० ग्रॅम हे वजन नाही रे बाबा, आतलं अस्तर आहे. थंडीसाठी जो कृत्रिम तंतूंचा थर घालतात त्याचं दर चौरस मीटरमागचं वजन तसं लिहितात. २०० म्हणजे हलक्या थंडीत चालायला, ४०० त्याहून गार हवेला, आणि ८००च्या पुढचे बर्फात मचाणावर तासन् तास न हलता बसणाऱ्यांसाठी. तिकडचा हरणाचा शिकारी पुष्कळदा झाडाला बांधलेल्या मचाणावर बसून असतो. हालचाल नाही म्हणून पाय गारठतात, म्हणून हे अस्तर. तू चालणार, तेही नागपूरच्या हवेत. डिसेंबरच्या पहाटे तासभर बरं वाटेल, ऊन चढलं की आत घाम साचेल आणि भिजलेली कातडी घासून फोड येतील.

त्यांच्याकडेच बिनअस्तराचे शिकारी बूट मिळतात, डोंगरात चालून शिकार करणारे तेच वापरतात. भावाला तसले बघायला सांग. कोरा जोड फुकट मिळतोय याचा मोह आवर.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमचे सोल काहून सुटून राहिले ते आधी पाहा. सोल नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला आहे? बाजारातले बहुतेक ट्रेकिंग शूज पेस्टिंगचे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, बंद गाडीच्या डिक्कीत तर विचारूच नका. तिथं गोंद मऊ पडते, मंग नाल्यात पाय घातला की पुढून तोंड उघडते.

मोच्याकडं सोल्यूशन नका लावू, मेणाच्या दोऱ्यानं चारही बाजूनं शिलाई मारून घ्या. पण त्यात एक गोम आहे. वॉटरप्रूफ बुटाच्या आत पातळ पडदा असतो. आरी त्याच्यातून गेली का वॉटरप्रूफ संपलं. म्हणून वॉटरप्रूफ बूट घ्यायचा असन तर मुळातच शिवलेल्या सोलचा घ्या, नंतर टोचाटोची नको.

आणि तो अमेरिकेतला जोड कोरा आहे म्हणता, पण किती वर्षं खोक्यात आहे? सोलचा मधला थर पीयूचा (पॉलियुरेथेनच्या फोमचा) असन तर न घालताही मरते. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून कुजतो, वरून चामडं नवंकोरं दिसते आणि पहिल्याच दिवशी सोल भुग्यासारखा गळते. अंगठ्याचं नख दाबून पाहायला सांगा. खड्डा तसाच राहिला, चिकट लागलं किंवा चुरा निघाला तर बूट तिथंच ठेवा. ईव्हीएचा (दुसऱ्या जातीच्या फोमचा) थर असा कुजत नाही, पण दबून दबून पातळ होते.

---

सागपान

@बिनघोर, तुमच्यामुळे वाचलो, मी तर हलके बूट म्हणून खूश होतो. @वऱ्हाडी_ठेचा, आमचे सगळे जोड डिक्कीतच असतात हो! भावाला नख लावून बघायला सांगतो. पण मग पावसाळ्याचं काय करायचं? वॉटरप्रूफ नको का?

---

रानवेडी

पावसाळ्यात वॉटरप्रूफचा आग्रह सोडा असं मी म्हणेन. तो पडदा आतली वाफ बाहेर सोडतो ती बाहेरची हवा कोरडी असली तरच. जुलैत आपल्याकडे बाहेरही ओल आणि आतही ओल, वाफ जाणार कुठे? त्यात गुडघाभर नाला ओलांडलात की पाणी वरून शिरतं आणि तो पडदा त्यालाच आत धरून ठेवतो. दोन दिवस वाळत नाही. आमच्या बीटवरचे (वनरक्षकाच्या हद्दीतले) वनमजूर पावसात कॅनव्हासचे हंटर शूज घालतात. पाणी शिरतं तसं निघून जातं, रात्री चुलीपासून जरा लांब ठेवले की सकाळी घालण्याजोगे होतात. कॅनव्हासची वीण घट्ट असते, कुसळंही जाळीपेक्षा खूप कमी शिरतात. किंमत तुमच्या बजेटच्या पाव हिश्शाच्या आत. तळवा पातळ आहे, तेवढा बरा इनसोल वेगळा घालायचा.

शेताच्या कडेने जाताना काळी माती चिकटते तेव्हा खोल खाचांचा सोल तर शिक्षाच असते. खाचा रुंद आणि लांब-लांब असलेला बघा, माती आपटल्यावर पडते तरी.

कोरड्या दिवसांसाठी चामड्याचा घ्या, बिनअस्तराचा, ६ इंच पुरे. बघायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात, आणि जंगलात घालता तेच मोजे घेऊन जा. सुती नकोत, लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक. बूट घालून दुकानाच्या पायऱ्या उतरा. बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर वाढवा, टाच उचलली गेली तर दुसरा बूट बघा. दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणेल. रुंदीला चामडं थोडं सैलावतं, लांबीला नाही. अमेरिकेहून मागवलात तर आपला ८ म्हणजे त्यांचा साधारण ९, आणि पंजा पसरट असेल तर ‘ईई’ रुंदी मागा, नुसतं ‘डी’ म्हणजे त्यांचं नेहमीचं माप.

कोणी सेफ्टी शूज सुचवतील, स्वस्त आणि दणकट म्हणून. लोखंडी टोपी असते त्यात, उतारावर बोटांची वाट लागते.

घोणसीचं म्हणाल तर जाड चामड्याचा थोडा आडोसा नक्की होतो, पण चावा बुटाच्या वरही बसू शकतो. सापासाठी वेगळे गेटर मिळतात, म्हणजे बुटावरून पायाला गुंडाळायची आवरणं, गुडघ्याखालपर्यंत येतात. कुसळं आणि गोचिडांसाठी साधे कापडी गेटरही चालतील. माझं मत विचाराल तर बुटाआधी गेटर घ्या.

---

बिनघोर

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. फक्त एक, चामडं उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, तडकतं. आत रद्दी कोंबून सावलीत ठेवा. आणि मार्चमध्ये सागाच्या पाचोळ्यावर आवाज न करणारा सोल शोधू नका. तो अजून कुणी बनवलेला नाही.

---

सागपान

सगळ्यांचे आभार. भावाचा निरोप आला. जोड चार-पाच वर्षं तळघरात होता आणि नख लावल्यावर खड्डा तसाच राहिला. त्यामुळे तो तिथेच राहू दे. हंटर शूज आणि गेटर या आठवड्यात घेतो, चामड्याचे दिवाळीआधी. @वऱ्हाडी_ठेचा, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाड सोलला हाताने शिलाई मारून देणारा कोणी माहीत आहे का? जुने शूज अजून टाकवत नाहीत.

---

वऱ्हाडी_ठेचा

आहे ना. पण जाळीच्या बुटाला टाके धरत नाहीत, कापडच फाटते. आधी सोलच्या कडेचा फोटो टाका, रबराची पट्टी वर आलेली असन तर पत्ता देतो.