लाल रंग आपल्याला फळांसाठी दिसतो का?

रानवाट
कुत्र्याला, गाईला दोनच प्रकारच्या शंकुपेशी (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी). आपल्या डोळ्यात तीन. म्हणून लाल-हिरव्यातला फरक आपल्याला कळतो, त्यांना नाही. माझं मत साधं आहे. आपले पूर्वज झाडावर राहून फळं खायचे. पानांआडचं पिकलं उंबर ज्याला लांबून दिसलं त्याचं पोट भरलं, त्याचीच पिल्लं तगली. पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

शंकासुर
उंबर बरं सोयीचं आठवलं! करवंद पिकून काळं होतं, जांभूळ जांभळं. फणस तर वासावरूनच कळतो. आमची आजी आंब्याच्या अढीत हात घालायची ती नाकाच्या भरवशावर. युगांडातल्या किबालेच्या जंगलात डॉमिनी आणि लुकास या संशोधकांनी माकडांचं खाणं तपासलं (२००१), तेव्हा कौल कोवळ्या पानांकडे झुकला. लालसर पालवी मऊ असते, प्रथिनं जास्त. बरीचशी फळं निळ्या-पिवळ्याच्या फरकावरही सापडतात, ही पालवी नाही सापडत. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीतला कुसुम बघा. झाड लालभडक आणि पिकल्या फळाचा पत्ता नाही.

रानवाट
कुसुम मान्य. पण कोस्टा रिकातल्या कॅपुचिन माकडांत एकाच टोळीत काही तीनरंगी (तीन प्रकारच्या शंकुपेशींची), काही दोनरंगी असतात. संशोधक मेलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की तीनरंगी माकडं फळं जास्त वेगाने खातात. हे मोजमाप आहे, आजीची अढी नाही.

अर्धारंग
मी लाल-हिरवं रंगांध. रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं, रंगांधळेपणा तपासायच्या ठिपक्यांच्या वहीतला आकडा दिसला नाही, विषय संपला. पण त्याच कॅपुचिनांवरचं २००७ चं काम का विसरता? पानासालीवर रंग मिसळून बसलेले किडे दोनरंगी माकडांना जास्त सापडतात. कुंपणावरचा सरडा आमच्या घरात आधी मलाच दिसतो (याला पुरावा म्हणू नका, कौतुक म्हणा). युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात साधारण आठ जण माझ्यासारखे. तीन रंग एवढे गरजेचे असते तर इतके उरलो असतो?

शंकासुर
या बाबतीत मी रानवाटांकडून. लाल आणि हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, जवळजवळ जुळी. अंडपेशी घडताना जनुकांच्या अदलाबदलीत गफलत होते, म्हणून रंगांध जन्मत राहतात. चाळणी कितीही बारीक ठेवा, वरून खडे पडतच राहणार.

पाटीपेन्सिल
सगळे 'कशासाठी'वर भांडताय, 'कसं' कुणी बघेना. साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत रंग ओळखणाऱ्या एका जनुकाची जास्तीची नक्कल झाली, तिच्यात थोडे बदल झाले, इतकंच. नवी पेशी आली तरी मेंदूला ती वाचता येईल कशावरून? तर २००७ मध्ये उंदरांत माणसाचं रंगाचं जनुक घातलं आणि त्यांतले काही उंदीर नवे रंग ओळखायला शिकले. २००९ मध्ये डाल्टन आणि सॅम या स्क्विरल मंकी जातीच्या दोन प्रौढ नरांच्या दृष्टिपटलात असंच जनुक सोडलं. जन्मापासून लाल-हिरव्यात गोंधळणारे ते दोघे सुमारे पाच महिन्यांनी फरक ओळखू लागले. मेंदूत वेगळी खोली बांधावी लागली नाही. जुन्याच तारांवर भागलं. फळ, पान, रागाने लाल झालेला चेहरा ही सगळी मागून आलेली गिऱ्हाइकं.

रानवाट
गिऱ्हाईक नसतं तर दुकान एवढी कोटी वर्षं उघडं राहिलं असतं का? आउल मंकी रात्री हिंडायला लागलं आणि त्याचं निळ्याचं जनुक मोडीत निघालं. वापर सुटला की डोळा जे होतं तेही घालवतो.

शंकासुर
दुकान चाललं हे कबूल. पण पहिलं गिऱ्हाईक तुमचं फळच, हे कुठे ठरलं? मी अजून पानावरच बसलोय.

अर्धारंग
मिरच्यांच्या ढिगातून पिकलेल्या निवडायच्या असल्या की आई अजून मला बसवत नाही, बहिणीला हाक मारते. एवढं रानवाटांच्या पदरात टाका. सरडा माझ्याकडेच राहू द्या.