मदत हवी आहे : सोर्सवरून बांधलेला ईमॅक्स जोडाक्षरांवर बंद पडतो

नमस्कार. दादरमधील आमच्या अक्षरजुळणीच्या कामासाठी मी ईमॅक्स २९ हा टेक्स्ट एडिटर हार्फबझसह (अक्षरांची जोडणी करून दाखवणारी लायब्ररी) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल केला आहे; परंतु लांब मराठी परिच्छेदात ‘लक्ष्मी’सारख्या शब्दावरून कर्सर पुढे नेला, की सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या वापराची त्रुटी) येऊन तो बंद पडतो. जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (क्रॅशपर्यंतच्या फंक्शन-कॉल्सची यादी) मिळतो, मात्र कंपायलरच्या ओ२ पातळीच्या ऑप्टिमायझेशनमुळे नेमकी हवी ती व्हेरिएबल्स ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतात, म्हणजे त्यांची किंमत कळत नाही. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) आणि जी३ (जास्तीची डीबग माहिती) देऊन पुन्हा बिल्ड केले, तर क्रॅशच होत नाही, आणि मला हेच अधिक काळजीचे वाटते, कारण दोष गेला नसून केवळ लपला असावा. अशा वेळी ओ२ कायम ठेवून ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावावा, की अक्षरजोडणीची कंपोझिट डॉट सी ही एकच फाइल ओ० ने कंपाइल करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. संपूर्ण बॅकट्रेस लगेच देता येईल.