मदत हवी आहे: पाकिटावरचे आकडे वाचून पदार्थ ओळखण्याचा खेळ

नमस्कार मंडळी! येत्या रविवारी सोसायटीतल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी एक खेळ ठेवतेय. पाकिटावरचं नाव झाकायचं, मागचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचून दाखवायचा आणि आत काय आहे ते मुलांनी ओळखायचं.

काल लेकीवर करून पाहिला. 100 ग्रॅममध्ये 52 ग्रॅम प्रथिनं आणि फॅट जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हटल्यावर ती ओरडली, "चिकन!" निघाल्या सोयाबीनच्या वड्या. तिने पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि 52 वर बोट ठेवून दोनदा वाचलं. तेवढ्यासाठीच हा खेळ मला मनापासून आवडलाय.

तूप आणि शेंगदाणा तेल दोन्ही 900 कॅलरीच्या आसपास. तिथे संपृक्त फॅटवरून सुटका होते: तुपात ते 60 ग्रॅमच्या आसपास, तेलात 20 च्या आत-बाहेर.

अडलंय ते पोहे, तांदूळ, रवा, मैद्यापाशी. सगळ्यांच्या कॅलरी साधारण 350. रवा-मैद्यात प्रथिनं थोडी जास्त, पण पोहे आणि तांदूळ वेगळे कसे करायचे? घटकांची यादी वाचली तर उत्तरच फुटतं. या वयाच्या मुलांना जमेल असा दुसरा काय इशारा देता येईल?

शिवाय नाचणीच्या कॅल्शियमसारखा एखादाच आकडा उठून दिसणारे पदार्थ हवेत. तुमच्या डब्यांमागे काही सापडलं तर प्लीज 100 ग्रॅमचे आकडे लिहा. काही पाकिटांवर एका वाढपाचेच असतात, मग तुलना होत नाही.