फायब्रोब्लास्टचा मीडिया घालूनही प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी जास्त वाढतच नाहीत! तातडीने मदत हवी आहे

पेशीवाली: तीनदा करून झालं. फायब्रोब्लास्टचा (गाठीभोवतीच्या आधार-ऊतीतल्या पेशींचा) कंडिशन्ड मीडिया, म्हणजे त्या ज्यात वाढल्या तो द्रव, कॅन्सरच्या पेशींना घातला, पाच दिवस मोजलं. वाढ कंट्रोलइतकीच, म्हणजे साधा मीडिया घातलेल्या पेशींइतकीच. आजूबाजूच्या पेशी गाठ वाढवतात म्हणे, मग माझ्याच का गप्प? शुक्रवारी गाईडसमोर बसायचंय. ‘आधी वाचन वाढवा’ म्हणू नका, प्लीज.

सूक्ष्मदर्शी: कुठल्या पेशी? मीडियात सीरम (रक्तातला पोषक द्रव) किती? फायब्रोब्लास्टचा पॅसेज, म्हणजे कितव्यांदा नव्या बाटलीत वाटलेले?

पेशीवाली: पीसी-३, प्रोस्टेट कॅन्सरच्या. सीरम नेहमीचंच. फायब्रोब्लास्ट प्रोस्टेटचेच आहेत.

जुना_चष्मा: नेहमीचं म्हणजे दहा टक्केच ना? आणि फायब्रोब्लास्ट निरोगी भागातले की गाठीतले? सगळी मेख तिथेच आहे. १९९९ साली ओलुमी, कुन्हा वगैरे संशोधकांनी प्रोस्टेटच्या बीपीएच-१ पेशी वापरल्या. या अमर केलेल्या (विभाजन न थांबणाऱ्या), पण एरवी गाठ न करणाऱ्या. कॅन्सरग्रस्त ग्रंथीतल्या फायब्रोब्लास्टबरोबर उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवल्या तर गाठ झाली, निरोगी फायब्रोब्लास्टबरोबर नाही.

निवांत: सासऱ्यांचं पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ६ आलंय. कॅन्सरच असेल का?

सूक्ष्मदर्शी: @निवांत, नुसती ग्रंथी वाढली किंवा सूज असली तरी पीएसए चढतं. युरॉलॉजिस्टना दाखवा. आणि वेगळा धागा काढा हो!

थ्रीडी_भक्त: प्लास्टिकवर पसरलेल्या पेशींकडून काय होणार? मॅट्रिजेलमध्ये (पेशींना त्रिमितीय आधार देणाऱ्या जेलमध्ये) दोन्ही एकत्र वाढवा. एलएनकॅप या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीसुद्धा उंदरात एकट्या धड रुजत नाहीत, मॅट्रिजेल नाहीतर फायब्रोब्लास्टची सोबत लागते.

सूक्ष्मदर्शी: आलं मॅट्रिजेल! अहो, दहा टक्के सीरममध्ये पीसी-३ आधीच पोटभर जेवलेल्या असतात, वर आणखी काय वाढणार? सीरम एक टक्क्यावर आणा. शिवाय पीसी-३ हाडातल्या मेटास्टॅसिसमधून (तिथे पसरलेल्या कॅन्सरमधून) काढलेल्या, अँड्रोजेन रिसेप्टर (पुरुषी हार्मोनचा संदेश घेणारं प्रथिन) जवळपास नाहीच. त्यांना कुणाच्या चिथावणीची फारशी गरज नसते.

थ्रीडी_भक्त: सीरम कमी केलं की पेशी उपाशी राहतात. ते तरी कुठे शरीरासारखं?

जुना_चष्मा: भांडण नंतर. शेजारी कायम चिथावतातच असं नाही, ब्रेकही लावतात. २००४ मध्ये उंदरांच्या फायब्रोब्लास्टमधला टीजीएफ-बीटा या संदेश देणाऱ्या प्रथिनाचा रिसेप्टर काढून टाकला, तर प्रोस्टेटच्या अस्तरात कॅन्सरपूर्व बदल दिसले. म्हणजे निरोगी फायब्रोब्लास्टनी वाढ केली नाही यात नवल काय?

पेशीवाली: बाटली बघितली. निरोगी भागातलेच. सीरम दहा टक्के. पॅसेज १४.

सूक्ष्मदर्शी: चौदा?! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं. प्रायमरी (थेट ऊतीतून काढलेले) फायब्रोब्लास्ट तोवर म्हातारे व्हायला लागतात.

जुना_चष्मा: आहे तोच ग्राफ दाखवा, ‘निरोगी’ गट म्हणून. पुढच्या खेपेला फायब्रोब्लास्ट गाठीतले, कमी पॅसेजचे. आणि कंट्रोलचा मीडियाही तितकाच वेळ इनक्युबेटरमध्ये ठेवा, फक्त पेशींशिवाय. ठेवला होता ना?

पेशीवाली: नाही. ताजा घातला होता. आणि गाठीतले शुक्रवारपर्यंत आणू कुठून?