आजोबांची एक सवय, जिचा अर्थ उशिरा कळला

घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर आजोबांची वळकटी सापडली. त्यावरून हा धागा. आजोबा किती थोर होते ते नको. ज्या सवयीवर तुम्ही लहानपणी हसलात किंवा चिडलात आणि कारण फार नंतर कळलं, ती सांगा. सुरुवात मी करते.

आमचे भाऊ (आजोबांना सगळे भाऊच म्हणायचे) ओरडून बोलायचे. दूध आलंय हेसुद्धा भांडल्यासारखं. माझ्या मैत्रिणी घरी यायला घाबरायच्या.

१९४९ साली, सतराव्या वर्षी, ते रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. 'रामदास' बोट बुडून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांची आई बंदरावर निरोप द्यायला आलीच नाही. लालबागला गावकीच्या खोलीत वीस-बावीस जण. एकाची गिरणीतली पाळी लागली की त्याची वळकटी गुंडाळायची, दुसऱ्याची पसरायची. चार वर्षं बदली कामगार, म्हणजे रोज भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर आल्या पावली परत. त्या दिवसांत खाणावळवाल्या बाईंनी उधारीवर जेवू घातलं.

मग साचेखात्यात (विणकाम खात्यात) कायम झाले आणि तीसेक वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेले. तिथे कुणाचं बोलणं ऐकूच येत नाही, माणसं ओठ वाचतात, हे मला आजीने सांगितलं, भाऊ गेल्यावर. तेव्हा आठवलं. भाऊ खाली चाळीच्या चौकात, आजी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. ती नुसते ओठ हलवायची आणि हे बरोब्बर कोथिंबीर घेऊन वर यायचे. आम्हाला वाटायचं, जादू आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो त्यांच्यापुरता संपलाच नाही. आजीने डबे सुरू केले, भाऊ पोचवायला जायचे. तीन मुलांची शिक्षणं त्या डब्यांवर झाली.

———

आमचे आजोबा पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून (आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवून) शिकले. आयुष्यभर शनिवारी उपास. आम्ही समजत होतो, मारुतीचा. माझ्या मुंजीत त्यांचे एक वर्गमित्र आले होते, ते हसत म्हणाले, "मारुती कसला! याला शनिवारचं घरच मिळालं नव्हतं."

———

आम्ही मराठवाड्यातले. एसटीने तालुक्याला जाताना दादा (आमचे आजोबा) भांडून डाव्या खिडकीत बसायचे. वाटेत एक पाझर तलाव लागतो. तो आला की अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायचे, "माजा तलाव. आज अर्ध्यावर हाय." मी लाजेनं पाणी पाणी व्हायचो. हा तलाव सरकारचा, एवढं मला शाळेत कळलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात जमीन सावकाराकडे आणि दादा-आई (आजीला आम्ही आई म्हणतो) त्याच तलावाच्या कामावर. ते खडी फोडायचे, ती माती वाहायची. माझे वडील सहा महिन्यांचे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर मिळणारी सुकडी दादा खायचे नाहीत, थोरल्या आत्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. घरी रेशनची लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीचं नाव काढलं तरी म्हातारपणी तोंड वाकडं करायचे. जमीन सोडवायला अकरा वर्षं लागली. त्यातही आईच्या शेळ्यांचा वाटा मोठा, पण ते ती स्वतः कधी सांगत नाही.

२०१६ ला तलाव ठणठणीत कोरडा पडला. लातूरला रेल्वेने पाणी आणलं तेच वर्ष. त्या उन्हाळ्यात दादांना दवाखान्यात नेत होतो. डावी खिडकी रिकामी होती, तरी ते उजवीकडे बसले.

———

सगळ्यांचे आजोबा गोडच दिसतायत. आमचे साखरेच्या डब्याला कुलूप लावायचे आणि किल्ली करगोट्याला. बिस्किटं मोजून. आईवडील प्लेगात गेले, चुलत्याच्या घरी उष्ट्यावर वाढले, हे मला चाळिशीत समजलं. समजलं म्हणून कुलपाचा राग गेला असं नाही. पण परवा माझ्याच मुलीने विचारलं, बाबा, फ्रिज उघडला की तू सगळं मोजतोस का रे?

———

धागाकर्तीला एक विचारू? त्या खाणावळवाल्या बाईंची उधारी फिटली का?

———

फिटली की. कायम झाल्यावर पहिल्याच पगारात. बाईंनी वही काढून आणा-पै चोख वसूल केली. मग म्हणाल्या, पोरगा बुडवणारा दिसत नाही, आणि गावाकडच्या भाचीसाठी विचारलं. तीच आमची आजी.

आत्ता तिला हे वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, चुकीचं लिहू नकोस, मावशीने दोन आणे सोडले होते.