वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करायची आहे, मदत हवी

नमस्कार. आप्पांचा (वडील, वय ७६) चुलत भावांविरुद्ध वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात होता. 'होता' म्हणायची वेळ परवा आली. भाचीने सहज ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकला, तर दावा गेल्या जूनमध्येच काढून टाकलेला. कारण, वादी आणि त्यांचे वकील गैरहजर. आमचे वकील मात्र परवापर्यंत "साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख पडली" असंच सांगत होते. आप्पा प्रत्येक तारीख कालनिर्णयवर लिहितात. जूननंतरच्या नऊ तारखा भिंतीवर आहेत, कोर्टात एकही नाही.

वकील गावचेच, लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते. फाईल मागितली तर म्हणाले, "आधी राहिलेले बारा हजार द्या." तक्रार मराठीत चालते का? ग्राहक आयोगात जाणं सोपं पडेल का? फाईल कशी सोडवायची? इथले दोन वकील तर "आमच्याच बारमधल्या माणसाविरुद्ध नको" म्हणून मोकळे झाले.

जुना कारकून:
ताई, तक्रारीआधी दावा वाचवा. आजच नक्कल अर्ज टाका, हुकूम आणि पूर्ण रोजनामा दोन्ही मागा. कोणत्या तारखेला पुकारा झाला, कोण हजर होतं, सगळं रोजनाम्यात असतं. पुढे तक्रारीलाही तोच पुरावा. प्रतिवादी हजर असताना दावा काढला असेल तर तो पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ९ खाली होतो. मुदत हुकमापासून ३० दिवस. ती कधीच गेली, म्हणून सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज लागेल. त्याला कालनिर्णयची ती पानं आणि वकिलांचे मेसेज जोडा. पान फाडू नका, फोटो काढा. वकील जिल्ह्याच्या ठिकाणचा बघा.

कृष्णाकाठ:
ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलं. फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही, हाही सुप्रीम कोर्टाचाच २००० सालचा निकाल आहे. तोंडी मागू नका, रजिस्टर पोस्टाने मागा आणि पोच जपून ठेवा.

तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, फोर्ट, मुंबई इथे. मराठी चालते. फी आणि प्रतींची संख्या तिथे फोन करून विचारा. वकीलपत्रावर सनद (वकिलीचा परवाना) नंबर असतो, तो लिहा. कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तरच प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जातं, म्हणून मजकूर तारीखवार ठेवा. 'विश्वासघातकी, नालायक' वगैरे गाळा. माझ्या मेहुण्याच्या अर्जाचं पहिलं अख्खं पान शिव्यांचं होतं, शेवटी आम्हीच बसून पुन्हा लिहिलं.

पैसे परत मिळतील ही आशा धरू नका. समिती ताकीद देते, सनद काही काळ निलंबित करते किंवा नाव वकिलांच्या पटावरून काढते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर अपीलही तिथेच, ६० दिवसांत.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. नक्कल अर्ज टाकून आले. खिडकीवरच्या बाईंनी रोजनामा काढून दाखवला, प्रतिवादींचे वकील त्या दिवशी हजर होते. म्हणजे नियम ९च ना? एक राहिलं. आप्पांचा हात थरथरतो, सही नीट येत नाही. तक्रार माझ्या नावाने केली तर चालेल?

जुना कारकून:
हो, नियम ९. तक्रार मात्र आप्पांच्या नावानेच करा, पक्षकार ते आहेत आणि वकीलपत्र त्यांनीच दिलं होतं. सही वाकडी आली तरी चालते. अगदीच जमेना तर अंगठा आणि शेजारी तुमची ओळख पटवल्याची सही, नोटरीसमोर.